बाईंना विचारा : उशीवरचा टॉवेल

या महिन्याच्या टपालात एकाच जातीची पत्रं निघाली. पोरं परदेशात शिकायला गेलेली, परक्याच्या घरी राहिलेली, आणि कुणाचं तरी कुणाशी पटत नाही. पोर्तुगीज शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्याआधी एक वर्ष मी स्वतः कोइंब्रात एका विधवा बाईच्या घरी काढलं. म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, आणि का दिली ते वाचताना कळेलच.

प्रश्न : बाई, मी गोव्यातल्या साखळीची. चवथ करून निघाले आणि सप्टेंबरपासून पोर्तुगालला कोइंब्रा विद्यापीठात शिकते. एका सत्तरीच्या बाईंच्या घरात खोली घेतली आहे. घर स्वच्छ, बाई सज्जन. पण मला रोज परकं वाटतं. सुपात चोरिसाचे, म्हणजे डुकराच्या सॉसेजचे, तुकडे असतात. मी ते बाजूला काढून ठेवते, त्या काही बोलत नाहीत, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. आंघोळीला जरा वेळ लागला की दारावर टकटक. एकदा फोडणी केली तर भर नोव्हेंबरात घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आणि गेल्या आठवड्यात त्यांनी न सांगता माझ्या उशीवर एक जुना टॉवेल पसरून ठेवला. मला रडूच आलं. हल्ली वर्ग सुटला की मी खोलीत जाऊन बसते. आई रात्री नऊला फोन करते तेव्हा इथे दुपारचे साडेतीन असतात, तेही धड बोलणं होत नाही. दिवाळीला फोव (पोहे) नाहीत, काही नाही. काही भारतीय मुली मिळून फ्लॅट घेतायत, त्या मला बोलावतायत. जाऊ का?

उत्तर : पोरी, केसांना खोबरेल लावतेस ना?

मीही लावत होते. ऑक्टोबर १९८९मध्ये मी कोइंब्राला पोचले. फोंड्याजवळच्या आमच्या गावातून मुंबईपलीकडे कधी गेले नव्हते. माझ्या सेन्योराच्या, म्हणजे घरमालकीण बाईच्या, घरी (नाव घेत नाही, तीही आवडून घेणार नाही) आठव्या दिवशी माझ्या उशीवर असाच टॉवेल आला. जुना, कडा उसवलेला, पण इस्त्री केलेला. मी तो घडी करून खुर्चीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उशीवर. मी आईला एरोग्राम लिहिलं, दोन्ही बाजू भरून: मी अस्पृश्य आहे का, हिला माझी घाण वाटते का, वगैरे वगैरे. आईचं उत्तर यायला तीन आठवडे गेले. त्यात चवथीच्या हिशेबाच्या आणि शेजारणीच्या बाळंतपणाच्या मध्ये एकच ओळ होती: "तुझ्या उशांचे अभ्रे उकळून माझे हात गेले, त्या बाईला ते आठ दिवसांत कळलं, शहाणी दिसते."

तुझ्या घरी हेच झालं असणार. तिथल्या उशा आपल्यासारख्या काढून उन्हात टाकता येत नाहीत. कोइंब्राचा हिवाळा पावसाचा, भिंतींना ओल येते, पिळलेला कपडा दोन दोन दिवस वाळत नाही. तेलाचा डाग धरला की गेला नाहीच. त्या बाईंनी तुला बोलून दाखवलं नाही, कारण त्यांना वाटलं बोललं तर तू दुखावशील. तू बोललीस नाहीस, कारण तुला वाटलं विचारलं तर त्या दुखावतील. दोघी एकमेकींना जपत बसलात आणि मधे टॉवेल. आज संध्याकाळी जा आणि सांग: आमच्याकडे केसांना तेल लावतात, माझ्या लक्षात आलं नाही, टॉवेल मीच धुवीन. बघ चेहरा कसा होतो ते. आणि रात्री तेल लावणं सोड गो, रविवारी लाव, न्हायच्या आधी दोन तास. मलाही शेवटी तेच करावं लागलं.

आता आंघोळ. बऱ्याच जुन्या पोर्तुगीज घरांत पाणी तापतं ते 'इश्केंतादोर'वर, म्हणजे भिंतीवरचा गॅसचा बंब म्हण. आणि तो गॅस अनेकदा सिलिंडरचा असतो. ब्युटेनचा, तेरा किलोचा, आपल्याकडच्या लाल सिलिंडरचा धाकटा भाऊ. माझ्या सेन्योराचं घर होतं से व्हेल्याच्या, जुन्या कॅथेड्रलच्या, वरच्या अंगाला. तिथे जाणाऱ्या पायऱ्यांचं नावच 'केब्रा कोश्ताश', पाठमोडी. त्या पाठमोडीवरून सिलिंडर खांद्यावर घेऊन येणाऱ्या पोराला ती दर वेळी टीप द्यायची आणि दर वेळी मला ऐकू जाईल असा उसासा टाकायची. नवऱ्याच्या पेन्शनीवर जगणारी बाई. मी बादलीभर पाण्याची सवय असलेली, नळ सोडला की शॉवरखाली उभी राहून अख्खं साखळी-फोंडा आठवायचे. तिची टकटक म्हणजे तिचा सिलिंडरच दार वाजवत होता. तू विचार: तुमच्याकडे गॅस कसला आहे, आणि बिलात माझा वाटा किती धरलाय? हा प्रश्न पोर्तुगालात असभ्य नाही. भाड्यात वीज, पाणी, गॅस धरलाय का वेगळा, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. नाही विचारलंस तर आज विचार. शॉवर अंगावर घेतेस, मधे बंद करतेस, साबण लावतेस, पुन्हा सोडतेस: पाच मिनिटांत होतं. मी नंतर दोन कान तुटलेलं मोठं पातेलं मागून घेतलं आणि त्यात पाणी भरून तांब्याने आंघोळ केली. सेन्योराला तो प्रकार इतका आवडला की शेजारणीला बोलावून सांगितला. मला थोडी लाज वाटली, पण टकटक बंद झाली.

सूप. हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे आपल्या गोंयकारांची गल्लत होते. आपण समजतो की ताटात बाजूला काढून ठेवलं की समोरच्याला कळतं. आपल्याकडे कळतंच, काकीच्या लक्षात येतं, पुढच्या वेळी ती वेगळं वाढते. तिथे बाजूला काढलेला तुकडा म्हणजे 'आज भूक कमी' एवढाच अर्थ. 'काल्दु व्हेर्द' या त्यांच्या हिरव्या सुपात बटाट्याच्या घट्ट पाण्यात बारीक चिरलेला पाला असतो आणि वर चोरिसाची एक चकती. त्या चकतीला तिथे कुणी मांसाहार म्हणत नाही, आपण वरणावर तूप घालतो तशी ती. म्हणून 'मी मांस खात नाही' एवढं सांगून भागत नाही. 'मी डुकराचं आणि गाईचं खात नाही' असं नाव घेऊन सांग: 'नांउ कोमु कार्न द पोर्कु नें द व्हाका.' आणि लगेच पुढचं वाक्य म्हण, हेच महत्त्वाचं: मासे खाते, पुष्कळ खाते.

ते वाक्य मी म्हटलं आणि माझं अर्धं वर्ष सुटलं. पोर्तुगीज माणसाला मासे खाणारी व्यक्ती म्हणजे आपली व्यक्ती. दुसऱ्याच शनिवारी सेन्योरा मला दों पेद्रु पाचव्याच्या नावाच्या बाजारात घेऊन गेली. तिने तारलीचे कल्ले उघडून पाहिले, डोळे पाहिले, अंगठ्याने पोट दाबलं आणि नाक मुरडून पुढच्या बाईकडे गेली. मी म्हटलं, ही तर फोंड्याच्या मासळी बाजारातली माझी आजीच. एवढंच की तिथे भावात घासाघीस चालत नाही. मी सवयीने केली. मासळीवाली हसली, सेन्योरा लाजली, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. असो. तू तिच्याबरोबर बाजाराला जा. पिशवी तू धर.

नाताळच्या आदल्या रात्री, चोवीस डिसेंबरला, त्यांच्या घरी जेवायला बोलावलं तर हो म्हण. त्या रात्रीचं पारंपरिक जेवण म्हणजे 'बाकल्याव': खारवून सुकवलेला कॉड, बटाटे, पाला आणि अंडी, सगळं उकडलेलं, वर ऑलिव्हचं तेल. तो मासा एक-दोन दिवस पाणी बदलत भिजत ठेवतात, आणि तेव्हा घरात जो वास सुटतो तो आपल्या पुरुमेंताच्या, पावसाळ्यासाठी साठवलेल्या सुक्या मासळीच्या, डब्याचाच. मला तो वास आला आणि पावसाळ्यातली आमची माळवद आठवली. तू नाक दाबून पळू नकोस.

फोडणीबद्दल मात्र चूक तुझी. रागावू नकोस. त्या घरात गरम राहायला हीटर नसतो किंवा असला तर एका खोलीत. खिडक्या बंद ठेवून थोडीफार ऊब धरून ठेवतात. त्यात कोट, स्वेटर, लोकरीच्या शाली मार्गिकेत टांगलेल्या. मोहरी-हिंग-कढीपत्त्याची वाफ त्यांत बसली की मार्चपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी ती बाई चर्चला जाणार ती आपल्या फोडणीचा वास घेऊन. तेव्हा कोट आत, कपाटात. स्वयंपाकघराचं दार बंद, त्याच खोलीची खिडकी उघडी, झाकण जवळ. आणि आधी विचार की कोणता दिवस चालेल. आठवड्यातला एक दिवस तुझा ठरवून घे. बुधवार घे, शनिवार-रविवारी त्यांच्या मुली-नातवंडं येत असतात. माझा बुधवार होता. पहिल्या बुधवारी सेन्योराने खिचडी चाखली आणि म्हणाली, यात मीठ आहे की औषध? तिसऱ्या बुधवारी तिने वाटी पुढे केली. मधल्या बुधवारी काय झालं ते सांगत नाही, भांडं टाकून द्यावं लागलं होतं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय ती. तू म्हणतेस खोलीत जाऊन बसते. मीही तेच करायचे. पहिला महिना मी माझ्या खोलीत दोन ब्लँकेटं गुंडाळून, हातमोजे घालून अभ्यास केला. बाहेर, बसायच्या खोलीत, एक गोल मेज होतं. त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, आणि मेजाखाली विजेची शेगडी. त्या मेजाला 'कामील्या' म्हणतात. पाय कापडाखाली घालून बसायचं, म्हणजे कमरेपर्यंत गरम. अख्ख्या घरात ऊब असलेली ती एकच जागा. सेन्योरा रोज रात्री तिथे बसून घेवडा सोलायची, बातम्या बघायची आणि मग ब्राझीलची मालिका. मला वाटायचं, ती तिची जागा आहे, बोलावल्याशिवाय कसं जायचं? तिला वाटत होतं, ही मुलगी शिकलेली, हिला म्हातारीजवळ बसायचा कंटाळा.

१० नोव्हेंबर १९८९, शुक्रवार. रात्री तिने माझ्या दारावर टकटक केली. मला वाटलं, आता काय चुकलं? ती म्हणाली, ये, ये, बघ. टीव्हीवर बर्लिनच्या भिंतीवर माणसं चढली होती. हातोड्या, मेणबत्त्या, रडणारी माणसं. मी उभीच होते. तिने माझ्या खांद्याला धरून कामील्याशी बसवलं, कापड माझ्या मांडीवर ओढलं आणि माझ्या हातात घेवड्याची टोपली दिली. पोर्तुगालातसुद्धा २५ एप्रिल १९७४पर्यंत हुकूमशाही होती. त्या दिवशी आपण कुठे होतो, कुणाचा मुलगा आफ्रिकेतल्या लढाईतून कधी परत आला, हे ती टीव्हीकडे बघत सांगत राहिली. मला निम्मं कळलं. मी घेवडा सोलत होते. त्या रात्रीपासून मी रोज आठला तिथे बसले, आणि माझी पोर्तुगीज वर्गात झाली नाही तितकी त्या मेजाखाली पाय घालून झाली.

तर तुझं काम एवढंच: तुझ्या घरातली ती गरम जागा कुठे आहे ते शोध आणि रोज एक तास तिथे जाऊन बस. बोलावणं येईल म्हणून थांबू नकोस. हाताला काहीतरी काम माग: सोलायचं, घडी घालायचं, कपडे दोरीवरून आत घ्यायचं. आपल्याला बरं वाटतं की कामाला हात लावला की आपण पाहुणे उरत नाही. तिथेही तसंच आहे. फक्त तिथे आग्रह नाही. 'आणखी घेतेस?' हे एकदाच विचारतात. तू लाजून नको म्हणालीस तर भांडं उचललं जातं. माझे पहिले पंधरा दिवस अर्धपोटी गेले ते याच लाजेपायी, आणि सेन्योराने मुलीला फोनवर सांगितलं की भारतीय लोक पाखरासारखं खातात.

भाषेचं एक सांगते. त्यांना 'तू' म्हणू नकोस, आणि पुस्तकात शिकवतात ते 'व्होसे'ही वृद्ध बाईंना म्हणू नकोस. कानाला जरा उर्मट लागतं. 'आ सेन्योरा' म्हण, म्हणजे 'आपण'. अडलीस की घाबरू नको. अर्धे शब्द तू बाळपणापासून बोलतेस. चावी ती 'शाव', कोबी तो 'कोव', जनेल (खिडकी) ते 'जनेला', कदेल (खुर्ची) ते 'कादेइरा', कुलेर (चमचा) तो 'कुल्येर'. बटाटा आणि अननस तर तसेच. मे महिन्यात विद्यार्थ्यांचा मोठा उत्सव होईल, 'केइमा दाश फीताश', त्यातली ती फीत म्हणजे आपली वेणीची फीतच. हा शब्दांचा खेळ सेन्योराला सांगितला तेव्हा ती कुलेर हातात घेऊन घरभर फिरली, एकेका वस्तूला हात लावून विचारत: आणि हे? आणि हे?

फ्लॅटचं म्हणशील तर घाई करू नकोस. नाताळ तिथे काढ, परीक्षा होऊ दे, फेब्रुवारीत ठरव. तेव्हाही जायचंच वाटलं तर खुशाल जा, त्यात हार नाही. भारतीय मुलींबरोबर राहिलं की पोट शांत राहतं आणि भाषा झोपी जाते, दोन्ही लक्षात घे. निघताना मात्र करारातली मुदत बघ, वेळेवर सांगून नीघ, आणि वास्तव्याच्या कागदपत्रांवर जो पत्ता आहे तो बदलायला विसरू नकोस. हे काम २०२३च्या ऑक्टोबरपासून 'आइमा' नावाच्या नव्या संस्थेकडे आहे.

आणि फोव. लिस्बनला रेल्वेने दोनेक तास. मार्तिं मोनिश भागात आपल्या उपखंडातल्या लोकांची दुकानं आहेत, पोहे मिळतील. दिवाळी गेली म्हणून काय झालं? गूळ-खोबऱ्याचे फोव एका बुधवारी कर. त्यांना मोहरी लागत नाही, खिडक्या उघडायला नकोत. आईला सांग, रात्री नऊला फोन नको. सकाळी सातला करते म्हणाली तर तुझे रात्रीचे दीड होतात, तेही काही खरं नाही. तुझी दुपारची जेवणाची सुट्टी, एक वाजता, म्हणजे तिची संध्याकाळचे साडेसहा, दिवेलागण. तीच वेळ चांगली.

प्रश्न : आमचा सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या आदानप्रदान कार्यक्रमातून एका वर्षासाठी जर्मनीत एका कुटुंबात राहतो आहे. तिथे त्याला भांडी लावायला, कचरा खाली न्यायला, स्वतःची खोली झाडायला लावतात. रात्री त्याला थंड पाव देतात. मी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, तर त्या बाईंनी निरोप पाठवला की फोन कमी करा. आम्ही मुलाला नोकर म्हणून पाठवलं आहे का? — एक आई, कुडचडे

उत्तर : ताई, तुमच्या मुलाच्या खोलीत घरी कोण झाडू मारतं? मी अंदाज करू शकते.

शाळकरी मुलांच्या अशा कार्यक्रमांत यजमान कुटुंबं बहुधा एक पैसाही घेत नाहीत. ही पद्धत कशी वाढली ते ऐकण्यासारखं आहे. दोन्ही महायुद्धांत जखमी सैनिक वाहून नेणारे अमेरिकन स्वयंसेवक होते, रुग्णवाहिकेचे चालक. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांनीच ठरवलं की आता पोरांना एकमेकांच्या देशांत, एकमेकांच्या घरांत राहायला पाठवायचं. परवा शत्रू असलेल्या घरात मुलगा पाठवायचा, पाहुणा म्हणून ठेवायचा नाही, घरातलाच म्हणून ठेवायचा. घरातल्याला कचरा न्यावा लागतो. त्या घरातली त्यांची स्वतःची मुलं काय करतात ते मुलाला विचारा. तीही भांडी लावत असतील तर तुमची तक्रार तिथेच संपली. ती बसून राहत असतील आणि तुमचाच राबत असेल, तर मात्र मला पुन्हा लिहा, माझं उत्तर वेगळं असेल.

कचऱ्याची तर तिथे शाळाच आहे: कागद वेगळा, ओला वेगळा, डबे-प्लास्टिकची पिवळी पिशवी वेगळी, काच वेगळी, आणि काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा आवाज होतो. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंटची अनामत असते, दुकानातल्या यंत्रात परत घातली की मिळते. तुमच्या मुलाला दोन महिन्यांत हे पाठ झालं असणार. इकडे आल्यावर तो तुमच्यावर डाफरेल, तयारी ठेवा.

थंड पावाचा राग समजू शकते. आपल्या आईच्या हाताला रात्री गरम शीत-कडी वाढल्याशिवाय चैन पडत नाही. पण जर्मन घरांत गरम जेवण दुपारचं, ही जुनी रीत. रात्री पाव, चीज, काकडी, लोणचं. त्या जेवणाला नावच 'संध्याकाळचा पाव' असं आहे, आबेन्डब्रोट. त्याला भूक राहत असेल तर त्याने स्वतः सांगावं: मला आणखी एक गरम काही करून घेता येईल का? अंडं उकडता येतंय ना त्याला? नसेल तर फोनवर तेच शिकवा.

फोनबद्दल त्या बाईंची बाजू मला पटते. तुम्ही रोज ज्या वेळी फोन करता, त्या वेळी जर्मनीत दुपार असते. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. मुलगा शाळेतून येतो, टेबलाशी सगळे दिवसभराचं बोलतात, आणि तुमचा मुलगा हातातल्या पडद्यावर कुडचड्यात असतो. आठवड्यातून एकदा, रविवारी, पोटभर बोला. मधे काही झालं तर तो करेलच. आणि त्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाला तिथे एक जबाबदार व्यक्ती नेमून दिलेली असते, कुटुंबाबाहेरची. तिचा नंबर तुमच्याकडे आहे का? नसेल तर आजच मागून घ्या. खरोखर पटलं नाही तर कुटुंब बदलूनही मिळतं, आणि त्यात कुणाची नाचक्की नसते.

एक विनंती. त्या बाईंना तुम्ही एकदा चार ओळी लिहा, मुलाकडून भाषांतर करून घ्या. तक्रार नको. त्याला लहानपणी काय आवडायचं, ताप आला की काय करतो, एवढंच लिहा.

प्रश्न : मी लिस्बनला एका कुटुंबात राहते. घरातला एक नातेवाईक पुरुष रात्री उशिरा माझ्या दारावर येतो, काहीतरी निमित्त काढतो. मालकिणीला सांगितलं तर म्हणाली, तो तसाच आहे, मनावर घेऊ नको. भाडं त्या रोख घेतात, पावती देत नाहीत. जुळवून कसं घेऊ? — नाव नको

उत्तर : जुळवून घ्यायचं नाही. नीघ.

आज रात्री दाराला आतून खुर्ची लाव आणि एका मैत्रिणीला सगळं फोनवर सांगून ठेव. उद्या सकाळी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा आणि हेच शब्द सांग. लाजू नकोस, इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल. मैत्रिणीकडे दोन-चार रात्री राहायची सोय कर. पुन्हा दारावर आला आणि भीती वाटली तर ११२. हा नंबर सगळ्या युरोपियन युनियनमध्ये चालतो, पैसे लागत नाहीत. पासपोर्ट, वास्तव्याचं कार्ड, लॅपटॉप आधी बाहेर काढ. ब्लँकेट-भांडी गेली तर गेली. लिस्बनला आपला दूतावास आहे, त्यांनाही कळवून ठेव.

पावती न देणारं घर तसंही तुझ्या कामाचं नाही. करार आणि पावती नसेल तर त्या पत्त्यावर तू राहतेस हे कागदोपत्री दाखवणार कशी? पुढचं घर बघताना पहिला प्रश्न कराराचा.

आणि आईवडिलांना सांग. ते परत बोलावतील या भीतीने तू सांगितलं नसशील, हे मला पत्राच्या शेवटच्या ओळीवरून कळलं. तरीही सांग. नवीन पत्ता मिळाला की मला एक ओळ लिही, छापणार नाही.

प्रश्न : जानेवारीत पोर्तुगालला एका सत्रासाठी जातोय. यजमान कुटुंबाला गोव्यातून काय नेऊ? आई पेढे आणि आंबोळीचं पीठ म्हणते, बाबा म्हणतात रंगवलेली अझुलेज टाइल ने. — काणकोण

उत्तर : बाबांना सांग, अझुलेज टाइल पोर्तुगालला नेणं म्हणजे काणकोणच्या माणसाने काणकोणला नारळ नेणं. रेल्वे स्थानकांच्या भिंतीसुद्धा तिथे त्या टाइलने मढवलेल्या आहेत.

पेढे नकोत. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. विमानतळावर काढून टाकतील आणि आईला वाईट वाटेल. ताजी फळं-भाज्याही कागदपत्रांशिवाय नाहीत. त्यातून जी मोजकी सुटली आहेत त्यांत केळी, अननस, खजूर आणि, ऐक, नारळ आहे. पण नारळ नेऊ नकोस, त्यांच्याकडे किसणी नसते, मी नेला होता. पीठ तू स्वतः खाशील म्हणून ने, भेट म्हणून नको.

काजू ने. साल असलेले, खारवून भाजलेले, पावशेराच्या दोन पिशव्या. काजूचं झाड पोर्तुगिजांनीच ब्राझीलहून आपल्याकडे आणलं, त्यांच्या भाषेतही तो 'काजू'च, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी बोलायला विषय मिळतो. वाळवलेली आमसुलं थोडी ने, सोलकढी करून दाखव. माशाबरोबर दिलीस तर दाद मिळेल, नुसती पेल्यात दिलीस तर औषध समजतील. कुणबी विणीचं कापड मिळालं तर मेजावर टाकायला एक तुकडा ने.

फार महागडं काही देऊ नकोस, ती माणसं अवघडतात. मी सेन्योरासाठी पितळी तांब्या नेला होता, चांगला जड, त्यावर आईने राखेने घासून सोन्यासारखी चमक आणलेली. देवाजवळ ठेवतील, निदान फुलं तरी ठेवतील असं मला वाटलं होतं. तिने तो खिडकीत ठेवला आणि त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे टाकले. मी गेल्यानंतर चौदा वर्षांनी एकदा पुन्हा कोइंब्राला गेले तेव्हा ती थकली होती, ऐकू कमी यायचं. तांब्या तिथेच होता, काळा पडलेला, चिमट्यांनी भरलेला. मी राख मागितली. तिच्याकडे राख नव्हती, लिंबू होतं.